वर्गातलं मूल उठून जाऊ शकत नाही

बाय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. ऑर्डर आली, शाळा मिळाली, तीही गोव्याच्या डिचोली तालुक्यात, आतल्या गावात, सरकारी मराठी प्राथमिक, आणि स्टाफ सोड, गावातसुद्धा ख्रिस्ती घर शोधायला लागेल अशी. आधी अभिनंदन, हल्ली मराठी प्राथमिकला पोस्ट निघणं हीच मोठी गोष्ट. पण तुझा खरा प्रश्न पुढे आहे ना, की टीचर, गप्प बसले तर येशूला लपवतेय असं वाटतं आणि तोंड उघडलं तर कुणीतरी तक्रार करेल, मग मी ख्रिस्ती म्हणून तिथे करू तरी काय. व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते एवढं वाढत गेलं की म्हटलं सरळ पत्रच लिहावं. सावकाश वाच, मस्टर-बिस्टर भरून झाल्यावर.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधी सांगते. चर्चमध्ये फादरांचं प्रवचन लांबलं की आपल्याकडचे पुरुष काय करतात, हळूच बाहेर येतात आणि कुणाच्या तरी स्कूटरला टेकून गप्पा मारत उभे राहतात. वर्गातलं मूल असं उठून जाऊ शकत नाही. ते सात वर्षांचं असतं, खडू तुझ्या हातात, मार्क तुझ्या हातात, पाणी प्यायला जायची परवानगीसुद्धा तुझ्या हातात, आणि वर त्याला तू आवडायला लागलेली असतेस, म्हणजे तू जे म्हणशील ते खरंच असणार. अशा पोरापुढे तू आपल्या विश्वासाचा विषय काढलास आणि त्याने मान डोलवली तर त्या मान डोलवण्याला अर्थ काय? ज्याला नाही म्हणायची सोयच नाही त्याचं हो घेऊन करणार काय? तुझ्या पोटी येशू जन्मेल हे सांगायला गाब्रिएल देवदूत मारियेकडे आला तेव्हा निरोप सांगून निघून गेला नाही, तिचं उत्तर येईपर्यंत थांबला. देवाने जिथे हो ची वाट बघितली तिथे आपण दुसरीतल्या पोराकडून ते परस्पर काढून घ्यायचं हे मला कधी पटलं नाही. म्हणून वर्गात प्रचार नाही, गोष्टीतून नाही, गाण्यातून नाही, नाताळच्या कार्डातून नाही.

कायदा पण हेच सांगतो आणि तो तुला नीट माहीत असू दे, कारण उद्या कुणी आवाज चढवून बोलला तर गोंधळायला नको. घटनेचं कलम २८, सरकारी पैशावर पूर्ण चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. आणि त्याच कलमाचा तिसरा भाग असा की सरकारची मान्यता किंवा मदत असलेल्या कुठल्याही शाळेत लहान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. म्हणजे हे आपल्या चर्चच्या शाळांनाही लागू. कलम ३० ने आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, दुसऱ्याच्या पोराला गुडघ्यावर बसवायचा नाही दिलेला. आणि कलम २५ तुझ्यासाठी, गळ्यातला खुरीस, म्हणजे क्रॉस, घरी काढून ठेवून जायची काही गरज नाही, तो नेहमी जसा असतो तसा असू दे.

यात तुला त्रास गावाकडून होईल असं तू धरून चाललीयस, पण आधी तो आपल्याच माणसांकडून होईल बघ. प्रार्थनेच्या ग्रुपमधलं कुणीतरी म्हणेल, किती मोठी संधी दिलीय देवाने, रोज तीस कोवळी मनं तुझ्यासमोर! त्यांना शांतपणे सांग की ती मनं माझ्या विश्वासावर दुसऱ्याच्या आईबापांनी पाठवलीयत. गोव्यातल्या खेड्यांत ‘बिलिवर्स’, म्हणजे धर्मप्रचार करत फिरणारे ख्रिस्ती गट, म्हटलं की लोक कसे सावध होतात ते तुला ठाऊक आहे, आणि त्या सावधपणात सगळाच द्वेष असतो असं मला वाटत नाही. आपल्याच एखाद्या पोराला कुणी शाळेत गुपचूप काही शिकवलं असतं तर आपण गप्प बसलो असतो का.

पंडिता रमाबाईंचं आठवतं मला इथे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, आणि शब्द असा होता की इथे कुणाच्या धर्माला हात लागणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायला लागल्या. त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांसारखी माणसं, जी त्यांच्या पाठीशी उभी होती, ती सल्लागार मंडळातून बाहेर पडली. मला रमाबाईंबद्दल इतका आदर आहे की काय सांगू, त्या काळात विधवांसाठी त्या बाईने जे केलं त्याचा शंभरावा हिस्साही आपल्याच्याने होणार नाही. आणि आपल्याच घरात दार लावून प्रार्थना कर असं कुणी कुणाला सांगावं, हा त्यांचा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो. पण पालकांचा प्रश्नही खोटा नव्हता. आणि एक फरक लक्षात घे, रमाबाईंचं ते स्वतःचं घर होतं, स्वतःची संस्था होती. तुझा वर्ग तुझा नाही, तो गावाचा आहे. त्यामुळे तुझ्या बाबतीत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं ते दार लावून प्रार्थना करायचं वाक्य जास्त लागू पडतं.

आता तू म्हणशील, म्हणजे गप्पच बसायचं. अगं, तोंडाने गप्प, पण शिक्षकाचं बाकी सगळं बोलतच असतं दिवसभर. कुणाची वही आधी तपासतेस, वाचता न येणाऱ्या पोराकडे किती वेळा वळतेस, सरपंचांच्या नातीला आणि पंपावर काम करणाऱ्याच्या पोराला एकाच चुकीसाठी एकाच आवाजात बोलतेस का. पोरं हे सगळं टिपत असतात, आपल्याला वाटतं त्यांचं लक्ष खिडकीबाहेर आहे.

त्यातली एक गोष्ट मी जरा जास्तच लिहिणार, कारण तिथेच गोव्यातला ख्रिस्ती शिक्षक कळतो असं माझं मत झालंय. तुझ्या वर्गात बरीच पोरं कर्नाटकातून आलेल्या कामगारांची असतील, गदग, हावेरी, विजापूरकडची, घरी कन्नड किंवा लमाणी बोलणारी. खरं बोलायचं तर कित्येक सरकारी शाळांचा पट आज याच पोरांनी भरतो, गावातले लोक आपली पोरं शहराकडच्या शाळेत पाठवतात आणि मग सभेत मराठी शाळा वाचवा म्हणतात. या पोरांना वर्गात, बसमध्ये, दुकानात कुठला शब्द ऐकायला लागतो तुला माहीत आहे. ‘घाटी’. पोरं भांडताना म्हणतात, मोठी माणसं हसत म्हणतात, आणि वाईट म्हणजे चर्चमधून बाहेर पडून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर आपली माणसं पण म्हणतात. तुझ्या वर्गात तो शब्द पहिल्या दिवसापासून बंद. पण रागावून बंद करू नकोस, रागाने फक्त तुझ्यासमोर बंद होतो. पोरांना विचार, तुमच्या घरातलं कोण कोण बाहेरगावी कामाला आहे? बघ किती हात वर होतात. गल्फला मामा, बोटीवर काका, कुणाचा भाऊ पुण्याला. आणि आपल्या ख्रिस्ती घरांचं तर विचारूच नकोस, मुंबईच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक खोल्यांत, राहिलेले आजोबा, आफ्रिकेत गेलेले, बोटीवरचे तारवटी, पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडात स्विंडनला गेलेले आणि तिथे गोदामात काम करणारे. आपण सगळे कुठे ना कुठे कुणाचे तरी घाटीच आहोत. परक्याला छळू नका, मिसरात तुम्ही परके होतात, हे बायबलच्या निर्गमात लिहिलंय ते आपल्यासाठी जेवढं खरं आहे तेवढं बाकी कुणासाठी असेल?

आणि नुसता शब्द बंद करून भागत नाही. अॅडमिशनला ही माणसं येतात तेव्हा जन्माचा दाखला नसतो, आधारवर नाव वेगळं, वय वेगळं, बाप सही करायला घाबरतो. तेव्हा त्यांना चार फेऱ्या मारायला लावू नकोस. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणजे आरटीई स्पष्ट सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. मध्येच बांधकामाची साइट संपली की ही कुटुंबं दुसरीकडे जातात, कधी कधी एका रात्रीत ठरतं, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी लिहून दे, मुख्याध्यापिका नसल्या तर फोन करून सहीची सोय कर, कारण त्या दाखल्यावाचून ते पोर पुढच्या गावात एक-दोन महिने घरीच बसतं, कायदा काहीही म्हणो. कन्नडातले चार शब्द शिकून घे, नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, बा म्हणजे ये. पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या पोराला तेवढे पुरतात. मला विचारशील तर हीच तुझी साक्ष, यात येशूचं नाव कुठेच येत नाही आणि तो आहे.

मारायचं नाही हे वेगळं सांगायला नको, आरटीईच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. पण छडी बंद झाल्यावर आपल्याकडे जिभेने मारायची पद्धत वाढली, ती बघ सांभाळून. सगळ्या वर्गासमोर ‘तुझ्या घरी कुणी शिकलंय का’ असं विचारणं म्हणजे काय ते त्या पोराला विचार. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये, आपला न्याय जास्त कडक होणार, आणि लगेच पुढे जिभेवरच सगळं लिहिलंय. हे पर्वरीच्या डाएटमध्ये, शिक्षक घडवतात तिथेच, भिंतीवर लावायला हवं होतं.

ट्युशन. स्वतःच्या वर्गातल्या पोरांची ट्युशन घेऊ नकोस, कलम २८ (हे आरटीईचं, घटनेचं नव्हे, दोन्हींचा आकडा एकच आलाय) शिक्षकाला खासगी शिकवणी करूच नको म्हणतं. सगळे घेतात हे मला माहीत आहे. माध्यान्ह आहाराच्या रजिस्टरमध्ये हजर पोरं बावीस तर बावीसच लिही, बचतगटाच्या बायका कितीही ओळखीच्या असल्या तरी. याबद्दल स्टाफरूममध्ये भाषण देऊ नकोस मात्र. आपलं आपण खरं लिहायचं, दुसऱ्याला लाजवायला नव्हे.

आता तुझा नवरात्रातला प्रश्न. शाळेत सरस्वतीपूजन होणार, पालक शिक्षक संघ सगळं करतो, आरती, भजन, फुगड्या, अख्खा गाव येतो. घटनेचं कलम २८ याला लागू होतं की नाही वगैरे वाद डोक्यात आला असेल तर तो डोक्यातच ठेव, पहिल्या वर्षी तर नक्कीच. पूजेच्या दिवशी सकाळी अवघडून कोपऱ्यात उभी राहू नकोस, पंधरा दिवस आधी मुख्याध्यापिकांशी एकटीने जाऊन बोल. सांग की बाई, मी ख्रिस्ती, आरतीचं ताट माझ्या हाती देऊ नका, बाकी सांगाल ते करते. आणि मग खरंच कर. रांगोळी, पोरांच्या नाचाची तयारी, खुर्च्या लावणं, शेवटी झाडलोट. आरती चालू असताना मागे पोरांच्या रांगेपाशी शांत उभी राहा, मोबाइल काढू नकोस, चेहरा वाकडा नको. प्रसाद मी खाते. काही ख्रिस्ती लोक खात नाहीत, बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत पण हाच वाद होता आणि पौलाने त्याला जे उत्तर दिलं त्यात जेवणापेक्षा समोरच्याच्या मनाची काळजी जास्त होती. तुला खावासा वाटला नाही तर हातात आदराने घे आणि शेजारच्या पोराला दे, टेबलावर टाकून जाऊ नकोस. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर वेगळं केलं असतं, ते चुकीचं असेल असं नाही, पण मला तरी हा मार्ग धड वाटतो. गणेश चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, येतील तुझ्या डब्यासमोर, नाताळला तू आपल्या नेवऱ्या आणि दोदोलची मिठाई घेऊन जा, आपल्या दोन्ही घरांत नेवरी तीच, हे तिथल्या पोरांना कळलं की फार मजा वाटते.

एखादं पोर विचारणारच, टीचर तुम्ही का नाही हात जोडले? खोटं बोलू नकोस, विषय टाळू पण नकोस. ‘मी ख्रिस्ती, माझी प्रार्थना वेगळी असते’ एवढं एक वाक्य आणि परत पाढे. तिसरी-चौथीची पोरं पुढे विचारतील, येशू कोण होता वगैरे. पुस्तकात इतर थोर लोकांबद्दल जेवढं असतं तेवढं सांग. घरचा नाताळचा गोठा बघायला यायचं म्हणाली तर आईला घेऊन या म्हणायचं.

सहलीचं मुद्दाम लिहिते. सहल ठरलेली, जुनं गोवं आणि मंगेशी, एकाच दिवसात. बॉम जेजूसमध्ये गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, पेटी बघून पोरं बाहेर येतात, नंतर मंगेशीला कुणीतरी सांगतं की हा देव मूळचा इथला नव्हे, कुठ्ठाळीहून आणलेला, आणि मग बसमध्ये प्रश्न येतो, टीचर, देवळं कुणी मोडली? आणि सगळा स्टाफ तुझ्याकडे बघतो. बाय, तेव्हा खरं सांगायचं. पोर्तुगिजांच्या राज्यात मोडली, चर्चची माणसं त्यात होती. तुझ्याच तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे, मूळ दिवाडी बेटावरचा, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला, तिथल्या पोरांना ही गोष्ट आधीच माहीत असते, तू लपवलंस तर फक्त तूच खोटी ठरशील. डिचोली, सत्तरी, पेडणे हे पोर्तुगिजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, धर्मांतराची लाट ओसरल्यावर, म्हणून तिकडे आपली वस्ती कमी आणि म्हणून तू आज तिथे एकटी. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२, मध्ये थोडा खंड सोडला तर. आणि त्यात पकडून नेले ते जास्त करून बाप्तिस्मा झालेले लोक, घरात चोरून तुळस लावली, जुना सण केला म्हणून, म्हणजे आपलेच पणजोबांचे पणजोबा. हे सगळं पोरांना सांगायचं नसतं, पण तुला माहीत हवं, म्हणजे तो प्रश्न आला की अंगावर आल्यासारखा वाटणार नाही. तू त्याची आरोपी पण नाहीस आणि वकील पण नाहीस.

मराठीचं पण ऐकायला लागेल. ख्रिस्ती असून मराठी कशी काय, असं स्टाफरूममध्ये विचारतील, आणि आपल्याकडचे लोक विचारतील कोकणी सोडून तिकडे कशाला गेलीस. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर १९६७ मध्ये मतदान झालं, त्या ओपिनियन पोलपासून हे दोन्हीकडचं दुखणं आहे. हसून सांग की मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी येशूचं चरित्र लिहिलं ते मराठी ओव्यांत, रायतूरला १६१६ मध्ये छापलं, ख्रिस्तपुराण. चारशे वर्षं झाली, मी काही पहिली नाही. आणि शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून चर्चने १९५० मध्ये ज्याला जाहीर केलं तो फ्रान्सचा जाँ बाप्तिस्त द ला साल, त्याने गरिबांच्या पोरांना लॅटिनऐवजी त्यांच्या बोलीत वाचायला शिकवलं. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या म्हणून कित्येक घरांत पहिल्यांदा अक्षर आलं, त्यातल्याच एका शाळेत तू जातेयस. कोकणी घरची, मराठी शाळेची, लाज कशाची आलीय.

स्वतःच्या प्रार्थनेचं थोडक्यात. तेर्स, म्हणजे जपमाळ, रोज होणार नाही, सुरुवातीला घरी आल्यावर पाय वर करून पडावंसं वाटतं फक्त. हजेरी घेताना एकेका नावापाशी अर्धा क्षण थांब, मनातल्या मनात, कुणाला कळायचं कारण नाही. ज्या पोराचा राग येतो त्याच्या नावापाशी जरा जास्त. बीएलओची म्हणजे मतदारयाद्यांची ड्युटी, निवडणुकीचं काम, सर्वे, हे सगळं नेमकं रविवारी येतं, तेव्हा जीव काढू नकोस, शनिवारी संध्याकाळची मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, रविवारची म्हणून चालते, डिचोलीच्या चर्चमध्ये वेळ विचारून ठेव. आणि पाद्रीबाबांना जाऊन एकदा भेट, तू इथे आलीयस हे त्यांना माहीत असू दे, शाळेत काही करून द्या म्हणून नव्हे, आजारी-बिजारी पडलीस तर कुणीतरी असावं म्हणून.

मुख्याध्यापिकांशी बोलणं झालं की कळव, त्या काय म्हणाल्या ते शब्द न शब्द सांग. आणि परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते पहिल्याच दिवशी दुकानात विचार, टाइमटेबलवर जाऊ नकोस.

देव बरें करूं.

तुझी टीचर